लग्नाचा दर

विटा, खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्याचा कोरडा कोपरा. इथल्या एखाद्या गावात भर दुपारी गेलात तर स्लॅबची, रंगवलेली, दारापुढं फरशी घातलेली घरं दिसतील आणि त्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप दिसेल. माणसं कोइमतूरला, त्रिशूरला, कानपूरला, गुवाहाटीला. सोनं-चांदी गाळायला गेलेली. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत जा, मागच्या बोळात एक भट्टी आणि तिच्यासमोर बनियनवर बसलेला आमच्याकडचा गलाईवाला सापडणारच, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

माझे धाकटे मामा त्यांतले. मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेले आणि उतारवयात खोकला घेऊन परत आले. सुट्टीत मी तिकडं गेले होते तेव्हा त्यांचं काम जवळून पाहिलंय. मोडीत निघालेले दागिने, सोनारांच्या दुकानातला केर, पॉलिशची धूळ असं काय काय यायचं. सोन्यात जवळजवळ तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करायचे आणि ते नायट्रिक अ‍ॅसिडात सोडायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाशी तपकिरी चिखलासारखं बसतं. त्या वेळी भांड्यातून लालसर पिवळा धूर निघतो. तो चिखल धुऊन, टाकणखार टाकून पुन्हा वितळवला की मग सोनं सोन्यासारखं दिसायला लागतं. बोळ अरुंद, खिडकी एक, पंखा बंद, कारण वाऱ्यानं सोन्याचा कण उडायला नको. दागिन्याच्या पावतीवर वजन असतं, घडणावळ असते, जीएसटी असतो. मामांची छाती त्यात कुठं लिहायची?

पण हेही खरं की त्या धुरावर आमचं आजोळ तगलं. १९७२ च्या दुष्काळात जी माणसं खडी फोडत होती त्यांची पोरं गलाईत गेली आणि घराला आधार झाला. गावच्या शाळेच्या खोल्या, देवळाचा कळस, जत्रेतलं जेवण, यातलं बरंचसं गलाईच्या पैशातून उभं राहिलं. देशातल्या बायकांना सोन्याची हौस नसती तर आमच्या भागातल्या किती चुली विझल्या असत्या, कुणास ठाऊक. म्हणून कुणी ‘चैन म्हणजे पाप’ असं सरळसोट बोलायला लागलं की मला अवघडल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या चैनीवर जगलेल्या घरातली मी मुलगी. आणि ‘चैनीमुळं गरिबाला रोजगार मिळतो’ असं कुणी समाधानानं म्हणालं तरी तितकंच अवघडल्यासारखं होतं, कारण तो रोजगार कसला होता ते मी पाहिलंय.

मामांची स्वतःची बाजू मात्र पक्की असते. ‘आमचं सोनं जुनंच गं. तेच तेच फिरतंय. खाणवाल्यांचं पाप आमच्या माथी नको.’ यात तथ्य आहे. आजवर माणसानं जमिनीतून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे आणि ते जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहे. सोनं गंजत नाही, कुणी फेकून देत नाही. एकट्या भारतातल्या घरांमध्ये २५,००० टनांच्या आसपास असावं, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. एवढं असूनही जगात दरवर्षी साडेतीन हजार टनांच्या वर नवं सोनं खणलं जातं. आपल्याकडं कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीतून निघतं ते चिमूटभर, आणि आपली भूक शेकडो टनांची. म्हणजे आपली हौस बाहेरच्या देशांच्या मातीतून भागते.

कशी, ते एकदा नीट बघावं. आजच्या उघड्या खाणींत एक टन खडक फोडला तर कुठं एक ग्रॅम, कुठं चार-पाच ग्रॅम सोनं मिळतं. म्हणजे एका तोळ्यामागं दोनपासून दहा टनांपर्यंत खडक. आमच्याकडं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडं निघालेला ऊस साधारण वीसेक टन भरतो. दहा तोळ्यांचे दागिने घातलेली नवरी स्टेजवर उभी राहते तेव्हा तिच्यामागं निदान एवढा आणि कधी त्याच्या पाचपट खडक कुणाच्या तरी रानात फोडून, सायनाइडच्या पाण्यानं धुऊन टाकलेला असतो. जानेवारी २००० मध्ये रुमानियातल्या बाया मारे इथं अशाच सायनाइडच्या पाण्याचा बांध फुटला आणि तिसा नदीतले मासे मैलोनमैल मेले. जिथं मोठ्या कंपन्या नाहीत तिथं गरीब माणसं पारा वापरून हातानं सोनं काढतात. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी ३८ टक्के या छोट्या सोनखाणींतून जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०१८ च्या अहवालात आहे. ब्राझीलमध्ये यानोमामी आदिवासींच्या प्रदेशात बेकायदा सोनं काढणाऱ्यांनी इतकी वाताहत केली की जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. यातलं किती सोनं फिरत फिरत आपल्या पेठेत येतं हे कुणी सांगू शकत नाही. एकदा मुशीत गेलं की त्याला गाव उरत नाही, हे मामांइतकं कुणाला माहीत असणार!

मी सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर. त्या टेबलावरून दिसणारं सोनं लग्नात दिसणाऱ्या सोन्यापेक्षा वेगळं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर आणि शाळा सुरू होताना रांग लागते. पुरानंतर लागली, कोरोनात लागली. पॅनेलवरचा सराफ कसोटीवर घासून बघतो, वजन करतो, आणि माझ्या वेळी किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज हातात पडायचं. जामीन नको, सातबारा नको, साहेबाच्या पाया पडणं नको. बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं, बँकेत खातं असलं तरी त्यात शिल्लक नसते. गळ्यातलं तेवढं तिचं. त्यामुळं सोनं म्हणजे निव्वळ मिरवायची वस्तू असं म्हणणारा माणूस त्या टेबलाच्या अलीकडं कधी बसला नसावा.

त्याच टेबलावर दुसरंही दिसायचं. थोरल्या सुनेच्या पाटल्या ठेवून धाकट्या लेकीला गंठण करायचं. दोन-तीन वर्षांत ते गंठण तिच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी दुसऱ्या कुठल्या तरी शाखेत तारण जायचं. लग्नातला हार सुटत नाही, व्याज भरून नूतनीकरण करत राहायचं, शेवटी लिलावाची नोटीस. म्हणजे ते सोनं अंगावर पडलं एकाच दिवशी, बाकीचं आयुष्य तिजोरीत. हा दागिना कुणासाठी केला होता? मुलीसाठी म्हणावं तर तिच्या हाती राहिला नाही. आलेल्या पाहुण्यांसाठी, एवढंच उत्तर उरतं.

आता आमच्याच घरचं. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलंय. टेंभूचं पाणी आल्यापासून भावाची द्राक्षबाग बरी चालते, मुलगी पुण्यात आयटीत. भावाचं म्हणणं, वीस तोळे घालायचेच. सोन्याचा भाव २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला तरी त्याचा आकडा बदलला नाही. तोळ्यांचा आकडा हा इज्जतीचा आकडा असतो, तो भावाप्रमाणं खालीवर होत नाही. भाची मला म्हणाली, ‘आत्या, मला हे सोनं नको. खाणींचं काय काय वाचलंय मी.’ मला तिचं कौतुक वाटलं. पुढच्याच वाक्यात तिनं बालीचं सांगितलं. लग्नानंतर दहा दिवस बाली, त्याआधी सागरेश्वरच्या बाजूला प्री-वेडिंग शूट, ड्रोनसह. मुंबईहून बालीला जाऊन-येऊन माणशी साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरासरी भारतीय माणसाचं वर्षभराचं सगळं मिळून दोन टनांच्या आसपास असतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तो अनुभव आहे गं, वस्तू नाही.’ भाऊ म्हणतो, सोनं ही गुंतवणूक, बाली ही उधळपट्टी. भाची म्हणते, बाली ही आठवण, सोनं ही उधळपट्टी. वहिनीच्या मते दोन्ही ठीक, पण माझे पुण्याच्या दुकानातले सिल्कचे कुर्ते ही खरी उधळपट्टी. चैन नेहमी शेजारच्या ताटात असते. ऑक्सफॅमनं २०२० मध्ये हिशेब मांडला होता की १९९० ते २०१५ या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांनी निम्म्याहून जास्त कार्बन हवेत सोडला आणि सर्वांत गरीब निम्म्या लोकांनी मिळून सात टक्के. वाचताना आपण कुणीच स्वतःला त्या दहा टक्क्यांत धरत नाही, ही एक सोय आहे.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंध या सगळ्या चर्चेच्या मुळाशी असतो. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते तेव्हा त्यांनी तो लिहिला. त्यातलं उदाहरण साधं आहे. उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय, आत उतरलात तर कपडे चिखलानं बरबटतील. उतराल की नाही? अर्थात उतराल. मग दूर देशात मरणाऱ्या मुलासाठी त्या कपड्यांइतके पैसे का काढत नाही? अंतरानं असा काय फरक पडतो? यातून त्यांचा निष्कर्ष असा, की गरजेपलीकडचा खर्च करून आपण उदार होण्याची एखादी संधी सोडत नाही, कर्तव्य चुकवत असतो.

सांगलीच्या माणसाला हे उदाहरण पुस्तकी वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा धोक्याची ४५ फुटांची रेघ ओलांडून ५७ फुटांच्या पुढं गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या पूर्वेला आटपाडी-जतकडं टँकर आणि चारा छावण्या होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं. गावभागातली पोरं ट्यूब बांधून पाण्यात उतरली, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन आली. कपड्यांचा विचार कुणी केला नाही. राज्यभरातून ट्रक आले. म्हणजे सिंगर म्हणतात ते उतरणं आपल्याला जमतं. मग पूर ओसरला, भिंतींची ओल वाळायच्या आत लग्नसराई आली आणि ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं त्यांनीही कर्ज काढून दणक्यात लग्नं केली. ‘पूर आला म्हणून काय आमच्यात कमी पडलं का?’ हे त्या काळात मी टेबलावर प्रत्यक्ष ऐकलेलं वाक्य आहे.

सिंगरांशी माझं भांडण इथं आहे. त्यांच्या गोष्टीतला माणूस तळ्याकाठी एकटा असतो. तो, ते मूल आणि त्याचे कपडे. आमच्या तळ्याच्या काठावर सगळी भावकी उभी असते, व्याही असतात, मुलीचे होणारे दीर असतात, आणि सगळ्यांचं लक्ष याच्या कपड्यांकडं असतं. त्याला कपडे आवडतात म्हणून त्यानं घातलेले नसतात. ते नसतील तर मुलीला चार वर्षं टोमणे बसतील ही भीती असते. या माणसाला ‘तुझा हार म्हणजे आफ्रिकेतल्या इतक्या मुलांची मच्छरदाणी’ असा हिशेब दाखवला तर तो मान डोलावतो आणि हार करतो. हिशेब चुकीचा नाही. तो ज्या माणसाला उद्देशून मांडलाय तो माणूस एकटा निर्णय घेतच नाही.

पलूसकडं जाणाऱ्या रस्त्यावर आता लॉन्स फार झालीत. लग्नसराई आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच वेळी येतो, त्यामुळं रस्त्याच्या एका अंगाला एलईडीची कमान आणि दुसऱ्या अंगाला रिकाम्या रानात बीडहून, जतहून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या असं चित्र दरवर्षी असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगाम. कमानीच्या आत चाट, चायनीज, पास्ता, जिलेबी-रबडी, तीन तऱ्हेचं आईस्क्रीम. पाण्याच्या इवल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, दोन घोट घेऊन खुर्चीखाली टाकलेल्या. रात्री उशिरा उरलेल्या भाताची पातेली कधी कोप्यांकडं जातात, कधी ओढ्यात. या दृश्यावर हळहळ व्यक्त करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत, त्यामुळं ती मी करत नाही. मला एका तोडकरी बाईशी झालेलं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडीचं टायर पंक्चर झालं म्हणून थांबलो होतो. ती आतल्या लोकांवर रागावलेली अजिबात नव्हती. ‘मंडप चांगला घातलाय,’ म्हणाली. मग तिनं सांगितलं, या वर्षीची उचल जास्त घेतली, पोरीचं लगीन आहे. गावाकडं आता मंडपाशिवाय कुणी करत नाही.

हे ‘आता कुणी करत नाही’ कुठून येतं? सांगलीतला एखादा व्यापारी मुलाच्या लग्नात ड्रोन उडवतो. त्याच्या पाहुण्यांत कॉलेजातला प्राध्यापक असतो, तो ड्रोन नाही पण लॉन घेतो. प्राध्यापकाकडं आलेला क्लार्क लॉन नाही पण हॉल घेतो. आमच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या मावशी मागच्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी पैसे मागायला आल्या, तेव्हा त्यांनी यादीच सांगितली. हॉल, पाचशे माणसाचं जेवण, नवऱ्या मुलाला चेन आणि अंगठी, कपाट, फ्रिज, दोन्हीकडच्या बाप्यांना टॉवेल-टोपी. मी म्हटलं, मावशी, तुमच्या लग्नात काय होतं? त्या हसल्या. ‘दारात मांडव, लापशी आणि आमटी-भात. पण तवा समद्यांचंच तसं हुतं ओ.’ मी पैसे दिले. बाकीचे त्यांनी बचत गटातून आणि एका खासगी फायनान्सवाल्याकडून आणले आणि अजून फेडतायत.

तेव्हा सोन्या-हॉलच्या खर्चाबद्दल ‘त्याचा पैसा, त्याची मर्जी’ हे मला पटत नाही, आणि ‘तो पैसा गरिबाला दिला असता तर’ हेही पुरेसं वाटत नाही. श्रीमंतानं गरिबाला दिलं नाही हा भाग आहेच. त्याच्याआधी त्यानं गरिबाच्या मुलीच्या लग्नाचा दर वाढवून ठेवला. पैसा त्याच्याच खिशातून गेला, पण दर सगळ्यांसाठी चढला. मुकादमाची उचल, बचत गटाचा हप्ता, मोडलेल्या पाटल्या, या सगळ्यांत त्या ड्रोनचा थोडा थोडा वाटा आहे. जागतिक दारिद्र्याची रेघ वॉशिंग्टनमध्ये ठरते, जून २०२५ मध्ये जागतिक बँकेनं ती दिवसाला ३ डॉलरवर नेली. पण इज्जतीनं जगायला किती लागतं ही रेघ गावोगाव शेजारीच आखत असतात, आणि ती डॉलरच्या रेघेपेक्षा भराभर वर सरकते.

दर खाली आलेला मी एकदा पाहिला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं हुकूम काढला, लग्नाला २५ माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. त्या दिवसांतली लग्नं दारात, गच्चीवर झाली. लोक मरत होते, त्यात कसलं बरं वाटायचं, पण मुलींचे बाप हळूच एकमेकांना सांगायचे की सुटलो. सोनेतारणाच्या टेबलावर कोरोनात गर्दी होती ती दवाखान्याच्या बिलांची, लग्नाची नव्हती. कुणाचं नाक कापलं गेलं नाही. कुणाच्या सुनेला टोमणे बसले नाहीत, कारण सासरच्या जावेचंही तसंच झालं होतं. दुसरी बाजू अशी की त्याच दोन वर्षांत मिरज-सांगलीकडच्या बँडवाल्यांनी वाद्यं विकली, वाढपी बायका घरी बसल्या, आचाऱ्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या. त्यांची कुणी विचारपूस केली नाही. निर्बंध उठले आणि बघता बघता दर पहिल्यापेक्षा वर गेला, जणू राहिलेली बाकी वसूल करायची होती.

सरकारी हुकमाशिवायही हे आमच्याकडं एकदा झालंय. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायमंडळं चालवली, दारूबंदी केली आणि गांधी लग्नं लावली. हार घालायचे, मोजक्या खर्चात उरकायचं, सावकाराकडं जायचं नाही. त्याच्याही आधी १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लागत होती, पण गांधी लग्नाची गंमत अशी की ती एखाद्या सुधारकाच्या घरापुरती नव्हती. गावच करत होतं, त्यामुळं काटकसर करणारा कंजूष ठरत नव्हता. प्रतिसरकारच्या शिक्षा मात्र मला आज नको आहेत, पायांत पत्री ठोकायच्या कथा ऐकतच आम्ही वाढलो. तसंच दुसरं उदाहरण वि. स. पागे यांचं. रोजगार हमीची कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधी करून पाहिली, मग ती राज्याची योजना झाली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. माझ्या पगारातून दरमहा कापला जाणारा तो कर मी कधी दान म्हणून दिला नाही, त्याचा मला कधी अभिमान वाटला नाही, त्यानं माझी झोपही उडवली नाही. सगळ्यांचाच कापला जायचा. मी आयुष्यभरात मनानं म्हणून जे काही दिलं असेल, त्यापेक्षा त्या कापल्या गेलेल्या पैशानं जास्त खडी फोडणाऱ्यांना मजुरी मिळाली असणार याबद्दल मला शंका नाही.

यंदा जत्रेत सगळे गलाईवाले गावी आले होते. देवळापुढं बैठक झाली तेव्हा लग्नखर्चाचा विषय निघाला. मराठा समाजाच्या बैठकांमध्ये २०२५ मध्ये लग्नाची आचारसंहिता ठरवायचे प्रयत्न झाले, त्याचे व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडं आलेले होते. बायकाही बसल्या होत्या, हे नवीन. डीजे बंद, यावर एकमत झालं, कारण तो कुणालाच आवडत नाही. टॉवेल-टोपी आणि फेटे बंद, यावर थोडी कुरकुर. जेवणात पाचच पदार्थ, यावर आचारी असलेल्या एका पोरानं हरकत घेतली, मग सात झाले. ‘आम्ही पोरींची लग्नं कोइमतूरलाच करू, तिथं तुमचा ठराव चालत न्हाई,’ असं एक जण म्हणाला. त्याला मामांनी उत्तर दिलं, ‘तिथं कर की. पर मग फोटू हिकडं पाठवायचं न्हाईत.’

सोन्यावर पाच तोळ्यांची मर्यादा घाला, असं एका शिक्षकांनी सुचवलं. त्यांनी लक्ष्मीबाई पाटलांचा दाखला दिला. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना शिधा नव्हता तेव्हा कर्मवीरांच्या या पत्नीनं अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. रयतच्या कुठल्याही कार्यक्रमात सांगितली जाणारी ही गोष्ट आहे आणि ऐकताना अजूनही घसा दाटतो. बाप्यांनी माना हलवल्या. मागून एक बाई म्हणाली, ‘गुरुजी, त्यांच्या अंगावर हुतं म्हणून त्यांनी दिलं. आमच्या पोरीच्या अंगावर काय ठेवता? आधी निम्मं रान तिच्या नावावर करा, मग सोन्याचं बोलू.’ बैठक गप्प झाली. सोन्याचं कलम ठरावातून गळलं. मला त्या बाईचं पटलं. सोनेतारणाच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही पटलं असतं. तेवढं एक वाक्य मी मात्र घुसवून घेतलं, की घालायचंच असेल तर घरातलं जुनं मोडून करावं आणि त्याची आटणी गावातल्या गलाईवाल्याकडं द्यावी. मामा खूश झाले. त्यांच्या पोराचा धंदा आहे.

ठरावावर सह्या झाल्या. लागू होणारं पहिलं लग्न आमच्याच घरचं निघालं. भाऊ रात्री माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘ताई, डीजे गेला ते बरंच झालं. पण ड्रोनवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय, आणि ठरावात ड्रोन लिहिलेला न्हाई. काय करू?’ मी म्हटलं, तुझ्या पोरीला विचार. तिनं सांगितलं, ड्रोन राहू दे, बाली रद्द करते. त्यावर वहिनी चिडली, कारण बालीची तिकिटं व्याह्यांनी काढली होती आणि आता त्यांना काय सांगायचं. हे अजून चाललंय.